बंद पाण्याचे दिवस

माझा धाकटा भाऊ डॉइल टिडवेल यानं एकोणीस वर्षांत माझ्या दुकानातून एकदाही आमिष विकत घेतलं नाही. आणि माझं दुकान आमिषाचंच आहे. पिकेट्स लँडिंगला धरणाच्या काठी बोटी पाण्यात सोडायचा उतार आहे, त्याच्या तोंडाशीच. जिवंत रातकिडे, गांडुळं, टाकीत पोहणारे बोटभर मासे, बर्फ, कॉफी, आणि सकाळी सॉसेज घातलेले गरम पाव. गावातला झाडून सगळा माणूस, चर्चचे पाद्रीसुद्धा, माझ्याकडून रातकिडे नेतो. सख्खा भाऊ तेवढा नेत नाही.

कारण डॉइल स्पर्धेतला. बास माशांच्या स्पर्धांना जिवंत आमिष चालत नाही. रबराची गांडुळं आणि रंगवलेले खोटे मासे लागतात. त्यांच्या पेट्याच्या पेट्या त्याच्याकडे आहेत, आणि एकेकाची किंमत ऐकून मला घेरी येते.

"अरे, माझी गांडुळं डझनावारी मिळतात, आणि शिवाय आपापली हलतात," मी म्हणायचे.

"तुझ्या गांडुळांना बक्षीस नाही, ताई," तो म्हणायचा.

"तुझ्या तरी कुठल्या गांडुळाला मिळालंय?"

यावर तो नुसता हसायचा, कॉफी आणि पाव उचलायचा, आणि पावती मागायचा. सख्ख्या बहिणीकडून पावाची पावती! गावात लोकांचे कर भरून देणारा बर्ल नावाचा एक माणूस आहे, त्यानं डॉइलच्या डोक्यात भरवलं होतं की धंदा म्हटला की पावती पाहिजे. सुरुवातीला मी ती अंगावर फेकायचे. पुढे सवय झाली. तो पावती घडी करून टोपीच्या आत ठेवायचा आणि घरी जाऊन एका डब्यात टाकायचा.

तर भांडण झालं ते यावरूनच. डॉइल मासे धरतो तो धंदा की छंद?

आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते नेल्डाचं होतं. नेल्डा म्हणजे डॉइलची बायको, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात काम करते, दिवसभर लोकांना उचलून ठेवते आणि संध्याकाळी कुणाचं ऐकून घेत नाही. ती म्हणायची, "धंद्यात पैसे आत येतात. ह्याचे बाहेर जातात. मला शाळेत एवढंच शिकवलं." डॉइल कागद गिरणीत पाळीनं काम करायचा. पगार बरा होता. पण पगाराच्या पुढे ती बोट होती, चकचकीत, लाल, आमच्या घरांपेक्षा महाग दिसणारी. तिला ओढायला ट्रक. ट्रकला पेट्रोल. स्पर्धेची फी, मोटेलची खोली, पाण्याखाली बघायचं यंत्र. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बक्षिसं मिळायची, नाही असं नाही, पण मिळायची ती पेट्रोलातच जिरायची. आणि मासे तर खायलाही मिळायचे नाहीत. स्पर्धेतला मासा वजन करून जिवंत परत सोडायचा असतो. मेला तर गुण कापतात.

दरवर्षी बर्ल ही सगळी खोट धंद्याची म्हणून लिहायचा आणि डॉइलच्या पगारातून वजा करायचा, की तेवढा कर कमी. धंदा असेल तर कायद्याला हे चालतं. छंद असेल तर नाही. बरीच वर्षं कुणी विचारलं नाही. मग एक दिवस कर खात्याचं पत्र आलं की आम्हाला हा छंद वाटतो, मागच्या तीन वर्षांचा वाचलेला कर दंडासकट परत करा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्या पत्रात तळाशी काढलेलं होतं.

नेल्डा ते पत्र घेऊन थेट माझ्या दुकानात आली. डॉइल मागून.

"इमोजीन, तू साक्षीला राहा," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "मी एकोणीस वर्षं गप्प बसले."

"तू कधी गप्प बसलीस?" डॉइल म्हणाला.

"मधे बोलू नकोस. जा कोर्टात. कोर्ट म्हणालं धंदा आहे, तर बोट ठेव. मी मरेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही. पण कोर्ट म्हणालं छंद आहे, तर बोट विकायची आणि त्या पैशातून सरकारचं भागवायचं. कबूल?"

डॉइलनं टोपी काढली, परत घातली. "कबूल."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे मला डॅडींनी शिकवलं होतं. पण डॅडी तोवर गेले होते, आणि डॉइलची बोट गेली असती तर डॉइलचं काय उरलं असतं, ते मला दिसत होतं. म्हणून मी साक्षीला राहिले.

आता डॉइल कसा माणूस आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचे डॅडी, हॉलिस टिडवेल, यांची एक पत्र्याची होडी होती. आम्ही दोघं त्या होडीतच मोठे झालो. डॅडी ब्रीम धरायचे, तळहाताएवढे मासे, बांबूच्या काठीला रातकिडा लावून. आई ते मक्याच्या पिठात घोळवून तळायची. डॉइलला त्यात इतकं सुख की तो बोलायचाच नाही. एखादं पोर आईच्या मांडीवर गप्प होतं, तसा तो होडीत गप्प व्हायचा. मला मात्र कंटाळा यायचा, म्हणून मी आमिष विकते.

दुसरी गोष्ट म्हणजे, डॉइलला नियम मोडता येत नाही. खोटंही बोलता येत नाही. हा गुण आहे असं लोक म्हणतात. त्याच्याबरोबर राहावं लागलं की कळतं. एकदा एका मोठ्या स्पर्धेत तो शेवटच्या दिवशी पहिला होता. बक्षीस एवढं होतं की मागची सगळी खोट भरून निघाली असती. नियम असा असतो की बोटीतल्या टाकीत पाचच मासे ठेवायचे. सहावा लागला तर आधी एक सोडायचा आणि मगच पुन्हा गळ टाकायचा. डॉइलला सहावा लागला, चांगला मोठा. त्या आनंदात त्यानं तो टाकीत टाकला आणि पुन्हा गळ फेकला. मग लक्षात आलं. बोटीत त्याच्याबरोबर जो दुसरा स्पर्धक होता तो पाठ करून उभा होता. कुणी पाहिलं नव्हतं. डॉइल काठावर आला आणि पंचांकडे जाऊन त्यानं स्वतःच सांगितलं. त्या दिवसाचं सगळं वजन बाद.

नेल्डानं आठवडाभर त्याला जेवण वाढलं पण मीठ घातलं नाही. गिरणीतले म्हणायचे, "डॉइल, ते विजेत्याला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात, त्याला घाबरलास ना?"

"यंत्र कुठून आलं मधे?" डॉइलला खरंच समजायचं नाही. "मी गळ टाकला होता."

आणि तिसरं ते बंद पाणी. मोठी स्पर्धा ज्या धरणावर असते, ते पाणी त्याआधी काही आठवडे स्पर्धकांना बंद. तिथे गळ टाकायचा नाही, बोट घालायची नाही, आणि मासा कुठे लागतोय हे कुणाला विचारायचंही नाही. कुणी आपणहून सांगितलं तरी ऐकायचं नाही. आमच्या धरणावर दर वसंतात एक मोठी स्पर्धा असते. मग बंद पाण्याच्या दिवसांत डॉइल माझ्या दुकानात पाऊल टाकायचा नाही. कारण माझ्या दुकानात दुसरं काही बोललंच जात नाही. कुणाला खाडीत लागला, कुणाला पुलाखाली. तो ट्रक बाहेर उभा करायचा, काचा वर, आणि एकदा हॉर्न द्यायचा. मी कॉफी आणि पाव घेऊन बाहेर जायचे. काच चार बोटं खाली यायची. पैसे बाहेर, पाव आत.

"पावती, ताई."

"तुझ्या कपाळावर चिकटवू का?"

डॅडी म्हातारपणी दिवसभर माझ्या दुकानातच बसत. बारक्या माशांच्या टाकीशेजारी त्यांची खुर्ची होती. गिऱ्हाइकाला रातकिडे द्यायचे झाले की किडे भरलेली जाळीची नळी ते आधी कानाशी धरायचे, किडे जोमात आहेत का ते ऐकायला, आणि मगच द्यायचे. सगळे डॉइलला हसत, डॅडी मात्र हसत नसत. सगळ्या गावात त्याच्या मासेमारीला काम म्हणणारे ते एकटेच होते. "डॉइल दिसला नाही हो," असं कुणी म्हटलं की डॅडी म्हणायचे, "डॉइलला काम आहे." मला वाटायचं, आपला तो बाब्या. बापाचं मन.

त्यांची छाती खराब झाली ती एका हिवाळ्यात. वसंतात गेले. ज्या आठवड्यात त्यांना पुरलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी आमच्या धरणावरची स्पर्धा होती, आणि डॉइल गेला. मला त्याचा इतका संताप आला होता की मी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, म्हणजे त्याचं तोंड बघायला नको. तो संताप पुष्कळ दिवस माझ्या पोटात होता.

बरं, कोर्टाचं सांगते. करांचं जे कोर्ट असतं ते वर्षातून काही वेळा आमच्या राज्यातल्या बर्मिंगहॅमला येऊन बसतं. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. तिथल्या विद्यापीठातून गरिबांना फुकट मदत करणारी एक वकील मिळाली, मिस अडेअर नावाची, उंच, चपळ, एका जागी न बसणारी. ती आमच्याकडे रविवारी जेवायला आली. जेवण माझ्याकडे होतं. तळलेली भेंडी, वाल, मक्याचा पाव, गोड गार चहा. ती दोन घास खायची आणि एक मुद्दा सांगायची.

"पावत्या आहेत, नोंदी आहेत, उत्तम," ती म्हणाली. "तुम्ही अनुभवी लोकांचा सल्ला घेता, चुका सुधारता, तेही उत्तम. अडचण एकच. कायदा हेही बघतो की माणूस हे पैशासाठी करतो की स्वतःच्या मौजेसाठी. ते तुम्हाला विचारणार की मासेमारी आवडते का."

"आवडते," डॉइल म्हणाला.

"नाही! म्हणजे... खोटं बोलू नका. मी ते सांगूच शकत नाही. पण थंडीचं सांगा. पाठीचं सांगा. बोटं सुजतात त्याचं सांगा."

"बोटं सुजतात," डॉइल म्हणाला. "पण आवडते."

नेल्डानं हातातला काटा खाली ठेवला. "थांबा. मी सरकारी वकील." ती उठून उभी राहिली, हात मागे बांधले. "मिस्टर टिडवेल! पहाटे पावसात, बर्फासारख्या पाण्यात, उघड्या बोटीत उभं राहायला तुम्हाला आवडतं का?"

डॉइलनं विचार केला. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत होतो. "पाऊस असला की मासा चांगला लागतो," तो म्हणाला.

"अरे देवा!" नेल्डा म्हणाली. "पाठ दुखत नाही का?"

"नंतर दुखते."

"डॉइल, मी तुझ्या बाजूनं आहे रे!"

आणि ती खरंच होती. तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. तोंडानं तिनं बोट विकायची अट घातली होती, पण त्या रविवारी तिनं त्याला तीनदा उठवून उभं केलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तो प्रत्येक वेळी लाल होऊन तेच बोलला. शेवटी मिस अडेअर म्हणाली की भेंडी फार छान झाली आहे.

कोर्टाची खोली साधी होती. न्यायाधीश एक पिकल्या केसांची बाई, डोळ्यांत झोप नसलेली. सरकारचा वकील, मिस्टर फेंटन, तरुण आणि अदबशीर, आईनं नीट वाढवलेला. त्याच्यावर रागावायला मी तयार होऊन गेले होते, पण जमेना. डॉइलनं डॅडींचा कोट घातला होता. बाह्या आखूड होत होत्या.

मिस अडेअरनं आधी विचारलं. नोंदी, पावत्या, सराव, सगळं ठीक झालं. मग फेंटन उठला.

"मिस्टर टिडवेल, तुम्हाला मासेमारी आवडते का?"

डॉइलनं माझ्याकडे पाहिलं. मग नेल्डाकडे. "हो, साहेब."

"खूप?"

"हो, साहेब. खूप."

मिस अडेअरनं डोळे मिटून घेतले. नेल्डानं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

"ही बोट मोठी सुंदर आहे," फेंटन म्हणाला. त्याच्यापुढे फोटो होता. "रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला जात असाल."

"नाही, साहेब."

"उन्हाळ्यात? सुटीच्या दिवशी? पत्नीला घेऊन?"

"मी त्या बोटीत आजवर पाय ठेवलेला नाही!" नेल्डा मागून ओरडली.

"बाई," न्यायाधीश म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला मिळेल."

फेंटन हसला. त्याला वाटलं, आता सोपं आहे. "बरं, मग स्पर्धा सोडा. स्पर्धा नाही, सराव नाही. नुसतं मन रमवायला म्हणून तुम्ही शेवटचं कधी गेलात?"

डॉइल बोटांवर मोजायला लागला. आधी मला वाटलं, तो वर्ष आठवतोय. त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं मोजणं सोडून दिलं.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

"साधारण?"

"स्पर्धा सुरू केल्यापासून नाही, साहेब. सवडच झाली नाही." आणि मग तो बोलायचा थांबला नाही. कुणी त्याला विचारलं नव्हतं. "एकदा जाणार होतो. डॅडींनी विचारलं होतं. माझे वडील. त्यांची छाती गेली होती तेव्हा. आमचं पाणी बंद होतं, म्हणून मी ताईच्या दुकानात जात नव्हतो, बाहेर ट्रकमध्ये थांबायचो. ताई कॉफी आणून द्यायची. त्या दिवशी ताईच्या ऐवजी डॅडी आले. काठी टेकत. एका हातात कॉफी, अर्धी सांडलेली. मी काच खाली केली. म्हणाले, डॉइल, मला एकदा होडीतून नेतोस का? आपल्या त्या खाडीत. ब्रीम लागतील आता. तास दोन तास. मी म्हटलं, डॅडी, पाणी बंद आहे. ते म्हणाले, आपण काही बास धरणार नाही, रातकिडे घेऊन जाऊ. मी म्हटलं, डॅडी, मला त्या पाण्यात जाताच येत नाही. हा खेळ नाही, माझं काम आहे. स्पर्धा झाली की नेतो." त्यानं कोटाची बाही ओढली. "ते म्हणाले, बरोबर आहे, काम आहे. आणि पावती दिली मला. ताईनं त्यांच्याकडे दिली होती."

फेंटन उभाच होता. हातातला फोटो त्यानं खाली ठेवला.

"स्पर्धेच्या आधी गेले ते," डॉइल म्हणाला.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही ती स्पर्धा खेळलात?"

"हो, मॅडम. फी भरली होती."

"कितवे आलात?"

"नंबरात नाही आलो, मॅडम."

मला ती सकाळ आठवत होती. मी गल्ल्यावर होते, गर्दी होती, म्हणून डॅडींना म्हटलं की तेवढी कॉफी द्या. काचेतून दोघं बोलताना दिसले होते. मला वाटलं, हवापाण्याचं बोलत असतील. डॅडी आत आले, खुर्चीत बसले, टाकीतल्या माशांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डॉइलला काम आहे." कुणी विचारलेलं नसताना म्हणाले. मी त्या कोर्टात बसून रडले. नेल्डाही रडली. माझ्या पोटातला तो जुना संताप कुठे गेला कळलं नाही, आणि त्याच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं.

फेंटन म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही."

निकालाला काही आठवडे लागले. मिस अडेअरचा फोन माझ्या दुकानातच आला, कारण डॉइल तिथे कॉफी घेत होता. तिचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू येत होता. "जिंकलो! धंदा! तिन्ही वर्षं! दंड नाही, काही नाही!" दुकानात जे कुणी होते ते टाळ्या वाजवायला लागले. पाद्रीबुवांनी गांडुळांचा डबा खाली ठेवून देवाचे आभार मानले. नेल्डाला कामावर फोन लावला तर ती म्हणाली, "बोट ठेव म्हणावं, आणि मी शब्दाची पक्की आहे."

"का जिंकलो?" डॉइलनं मिस अडेअरला विचारलं. "मी तर आवडते म्हणालो."

"तेच तर! ऐका, वाचून दाखवते." कागद उलटल्याचा आवाज आला. "'अर्जदाराला या कामाची आवड आहे हे तो लपवत नाही. परंतु त्यानं स्वतः सांगितलेल्या हकिकतीवरून या उद्योगात वैयक्तिक सुखाचा भाग नगण्य उरला आहे, असं या कोर्टाचं मत झालं आहे.'"

"पुन्हा वाचा," डॉइल म्हणाला.

तिनं पुन्हा वाचलं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. तो "हो, हो, आभारी आहे" म्हणत होता. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सरकारनं लिहून दिलं, ताई."

मी "पाव गार होतोय," म्हणाले. त्यानं पाव तसाच ठेवला आणि गेला. पावतीसुद्धा विसरला.

मग हिवाळा आला. डॉइल गिरणीत जायचा, शनिवारी बोट घेऊन जायचा, यायचा. हरलेला माणूस बरा, त्याला निदान शिव्या देता येतात. जिंकलेल्याला काय म्हणायचं? नेल्डा मला म्हणाली, "इमोजीन, मी काही बोलत नाही ना, तर त्याला घर सुनं वाटतंय की काय?" मी म्हटलं, "बोल मग." ती म्हणाली, "शब्द दिलाय." दोघंही एकाच माळेचे मणी.

वसंत आला. आमच्या धरणावरची स्पर्धा जाहीर झाली, डॉइलनं फी भरली, पाणी बंद झालं. पहिल्याच दिवशी सकाळी बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. मी कॉफी ओतली, पाव कागदात गुंडाळला, आणि हॉर्नची वाट बघत उभी राहिले. हॉर्न वाजला नाही.

दार उघडलं आणि डॉइल आत आला.

दुकानात चारपाच जण होते. खाडीच्या तोंडाशी आता काय लागतंय यावर जोरात चाललं होतं. डॉइलला बघून सगळे एकदम गप्प झाले. गावात सगळ्यांना नियम माहीत आहे.

"बोला की," डॉइल म्हणाला. "थांबलात का? कुठे लागतायत?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. ट्रकच्या मागे लाल बोट नव्हती. डॅडींची पत्र्याची होडी बांधलेली होती, कोळिष्टकं पुसलेली, बाजूचा पोचा तसाच. पुढच्या सीटवर नेल्डा बसली होती, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी, मांडीवर बांबूच्या काठ्या, आणि तोंड असं की कुणी हसून तर बघा.

"डॉइल," मी म्हटलं, "पाणी बंद आहे ना तुला?"

"आहे."

"मग बाद होशील ना रे."

"होईन." तो डॅडींच्या खुर्चीपाशी गेला, बसला नाही, पाठीवर नुसता हात ठेवला. "रातकिडे दे, ताई."

"किती?"

"डॅडी घ्यायचे तेवढे."

मी नळी भरली. दोन किडे निसटून गल्ल्यामागे गेले. पैसे घेतले. एकोणीस वर्षांची सवय, पावती फाडून त्याच्यापुढे धरली.

त्यानं पावतीकडे पाहिलं. मग नळी उचलली, कानाशी धरली, आणि किडे जोमात आहेत का ते ऐकलं.

"नको, ताई," तो म्हणाला. "हे धंद्याचं नाही."